आधी काही ऑपरेशन?

३ मार्च

आज सकाळी दवाखान्यात खोटं बोललो. डॉक्टरांनी पाय तपासले, तळव्याला पेनाचं टोक टोचून पाहिलं, आणि कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "आधी काही ऑपरेशन?" मी म्हणालो, "नाही." इतकं सहज निघालं तोंडातून, की माझं मलाच नवल वाटलं. शेजारच्या स्टुलावर ही बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पर्सची चेन उघडली, बंद केली, परत उघडली.

दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. कमरेत एक इंजेक्शन.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "या गोळ्या तुम्हाला चालत नाहीत. ऑपरेशनच्या वेळी सिस्टरने बजावून सांगितलं होतं. आयुष्यभर नाहीत, म्हणाली होती."

"चार दिवसांनी काय होतंय?"

"बरं. मग चार दिवसांनी विचारते."



पण करू काय? तळव्यांत निखारे ठेवल्यासारखं होतं. अंगावरची चादर पायाला टेकली तरी सोसत नाही. आणि बोटं, टाचा मात्र बधिर. जळतंही आणि कळतही नाही — हे कुणाला समजावून सांगणार?

५ मार्च

गोळ्या चालू. पाय तसेच. पोटात थोडी जळजळ, ती पाणी प्यायलं की बसते.

७ मार्च, शनिवार

प्रार्थनेला गेलो. मन लागलं नाही.

आज हे लिहून काढतो. दुसऱ्या कुणाला सांगायची छाती नाही.

पावणेदोन वर्षांपूर्वी माझं वजन एकशे अडतीस किलो होतं. लहानपणापासून असाच. गावच्या शाळेत बाक मोडला तेव्हा गुरुजींनी मला जमिनीवर बसवलं, ते चौथीपर्यंत. हसू नका असं त्यांनी मुलांना सांगितलं, आणि स्वतःच तोंड फिरवून हसले. पुढे खुर्च्यांच्याच कारखान्यात लागलो — फोम बसवायचा, कापड ताणायचं, खिळे ठोकायचे. नवी खुर्ची तयार झाली की मालक हाक मारायचे, "हत्तीला बसवा रे!" मी बसलो आणि खुर्ची कुरकुरली नाही, की माल बाहेर. वीस वर्षं मी त्या कारखान्याचा शिक्का होतो. मीही हसायचो. हसलं नाही तर लोक दोनदा म्हणतात.

मग गुडघे गेले, झोपेत श्वास अडकायला लागला. डॉक्टर म्हणाले, पोट लहान करून आतड्याला नवी वाट काढून द्यावी लागेल. लांबच्या शहरात जाऊन करून आलो. सगळ्यांना सांगितलं, मेहुण्याकडे हवापालटाला चाललोय. खरं फक्त हिला आणि मेहुण्याला माहीत.

परत आलो आणि वजन उतरत गेलं. आप्पा आमच्या प्रार्थनामंडळाचे वडीलधारे. त्यांनी एका शनिवारी सगळ्यांसमोर विचारलं, "काय केलंस रे बाबा?" मी म्हणालो, "देवाची कृपा." इथपर्यंत खोटं नव्हतं. पण पुढचं आप्पांनीच जोडलं — एक वेळ जेवला, जिभेला लगाम घातला, नाम घेत चालत राहिला. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

तिथून सुरू झालं. लोक घरी येऊन विचारायला लागले. ऑपरेशननंतर शक्ती देणाऱ्या गोळ्या रोज घ्यायच्या होत्या, आयुष्यभर. त्यांचे डबे कपाटात मागे लपवले. मग संपले तेव्हा आणलेच नाहीत. इथल्या मोठ्या दवाखान्यात तपासणीला जायचं, तेही सोडलं. आमच्या गल्लीतली एक मुलगी तिथे सिस्टर म्हणून लागली होती.

आता वाटतं, पाय त्यामुळेच जळत असतील. विचारणार कुणाला?

९ मार्च

संध्याकाळी मोजा काढताना ही किंचाळली. टाचेत खिळा. अर्धा इंच आत. दिवसभर मी त्याच्यावर चाललो होतो!

तिने चिमट्याने ओढून काढला, जखम धुतली, औषध लावलं. म्हणाली, "उद्या पाय कापला तरी तुम्ही म्हणाल देवाची कृपा."

वाईट वाटलं. पण खोटं काही बोलली नाही ती.

१२ मार्च

शिवणताईंनी आज खोळीची शिवण वाकडी घातली. कव्हरं शिवतात त्या, म्हणून शिवणताई; खिडकीपाशी त्यांचं मशीन. पंधरा वर्षांत त्यांची शिवण वाकडी गेलेली मी पाहिली नाही. चाळिशीच्या आहेत, अंगानं माझ्यासारख्याच — होतो तसा — आणि साखरेचा आजार. त्याही मंडळात येतात; दोन महिन्यांपूर्वी आप्पांचं बोलणं ऐकून त्यांनी माझा कित्ता गिरवायला घेतला. एक वेळ जेवण, बाकी प्रार्थना.

"डोळ्यापुढे काळोख आला एकदम," त्या म्हणाल्या.

"काही खाऊन घ्या ताई."

"तुम्ही खायचात का असं मध्येच?"

मी कात्री शोधायला लागलो. कात्री हातातच होती.

थोड्या वेळाने आपणहून म्हणाल्या, "काल लेकाच्या ताटातला उरलेला घास खाल्ला दादा. चोरून. तुमचं बरोबर जमलं. माझ्यातच काही तरी खोट असणार."

"जमेल हळूहळू," मी म्हणालो.

जमेल हळूहळू! हे शब्द माझ्या तोंडून निघाले. पोटात एक, ओठात एक — असल्या माणसांबद्दल मी आजवर किती बोललो असेन.

१४ मार्च, शनिवार

शौचाला काळं झालं. डांबरासारखं. पाणी ओतून टाकलं, हिला सांगितलं नाही. प्रार्थनेला गेलो नाही, अंगात कसकस आहे म्हणालो.

असं झालं तर लगेच या, हेही ऑपरेशनच्या वेळच्या सिस्टरने सांगितलं होतं. सगळं आठवतंय. मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

१५ मार्च

परत काळं. जिना चढताना दोनदा थांबलो. गोळी घेतली नाही.

देवापुढे बसलो. मागणं सुचेना. बरं कर म्हणावं, तर बरं होण्याचा रस्ता मला माहीत आहे आणि मीच त्यावर आडवा पडलोय.

१६ मार्च

सकाळी मोरीत पडलो. शुद्ध होती, पाय नव्हते. हिने शेजाऱ्यांना बोलावून रिक्षात घातलं आणि त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली. "काय झालं?" मी हिच्याकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

सांगितलं. ऑपरेशन, बंद केलेले डबे, काळं, सगळं. खाटेवर पडल्या पडल्या, छताकडे बघून.

डॉक्टर तरुण आहेत, माझ्या पुतण्याच्या वयाचे. पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, "काका, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"ज्यांचं हे ऑपरेशन झालंय त्यांना मी ती गोळी कधीच देत नाही. तुम्ही माझ्या हातून स्वतःला इजा करवलीत."

ओरडले असते तर बरं झालं असतं. गाडी बोलावून मोठ्या दवाखान्यात धाडलं, वर स्वतः फोन केला.

गाडीत हिला विचारलं, "पहिल्याच दिवशी तू का नाही सांगितलंस?"

"वाटलं होतं, घरी येऊन तरी गोळी घेणार नाहीत. नंतर वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील." मग पदर डोळ्याला लावला. "माझंही चुकलंच. तुमची अब्रू सांभाळत बसले, तुम्हाला सांभाळायचं सोडून."

१९ मार्च

मोठा दवाखाना. दुर्बीण घातली. जिथे आतडं जोडलंय, तिथेच जखम. रक्त तिथून जात होतं. एक बाटली रक्त चढवलं.

गल्लीतली सिस्टर सकाळच्या पाळीला होती. सुई लावताना म्हणाली, "काका, एवढे दिवस आला नाहीत तपासणीला." बस. चेहऱ्यावर आश्चर्य नाही, काही नाही. जिच्या भीतीने मी दीड वर्ष तोंड लपवलं, तिला मी रोजच्या चाळिसांतला एक पेशंट.

मोठे डॉक्टर म्हणाले, रक्तात बी-बारा जवळजवळ नाहीच. नसा त्याशिवाय सुकतात. ऑपरेशननंतर ते अन्नातून पुरेसं लागत नाही, म्हणून ते डबे होते. "पाय पूर्ण बरे होतील का?" मी विचारलं. "जळजळ कमी होईल. बधिरपणाचं सांगता येत नाही. लवकर आला असता तर—" आणि वाक्य तिथेच सोडलं. भला माणूस.

२३ मार्च

घरी. बी-बाराची इंजेक्शनं सुरू. पोटातली जखम भरायला एक औषध. नसांसाठी वेगळी गोळी, अगदी लहान मात्रेची, हळूहळू वाढवायची. मनाने वाढवायची नाही आणि मनाने एकदम बंदही करायची नाही. डोकं जड होतं तिने, म्हणून सवय होईपर्यंत कटिंग मशीनला हात लावायचा नाही. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलो, अगदी दाताच्या, तरी आधी ऑपरेशन सांगायचं. हिने ते एका चिठ्ठीवर लिहून माझ्या पाकिटात घातलंय. शाळेतल्या पोराच्या खिशाला रुमाल टाचावा तसं.

रोज संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघायचे. अंघोळीचं पाणी हाताच्या कोपराने तपासायचं, पायाने नाही. घरातसुद्धा चपला.

निखाऱ्यांवर थोडी राख धरलीय. एवढंच. पण काल चादर अंगावर घेऊन झोपलो.

२७ मार्च

कारखान्यात गेलो. बसून करायचं काम दिलंय, खुर्च्यांची बटणं कापडाने मढवायची. सगळ्यांना हिने पोटाचं दुखणं म्हणून सांगितलं होतं. फोम कापणारा म्हणाला, "काय दादा, उपास फार झाले वाटतं! आता देवालाही सांगा, जरा जेवू दे म्हणावं." सगळे हसले. मीही. जुनी सवय.

शिवणताई हसल्या नाहीत. चेहरा उतरलाय, ओठ पांढरे. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "दादा, मी साखरेच्या गोळ्या बंद करणार आहे. एकीकडे प्रार्थना करायची आणि दुसरीकडे गोळ्या, म्हणजे भरवसा कुठे राहिला? तुम्ही काय कुठली गोळी घेतली होती?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मालकांनी हाक मारली, आणि मी गेलो. धावतच गेलो. अशा पायांनी!

२८ मार्च, शनिवार

प्रार्थनेआधी आप्पांना गाठलं. सगळं सांगितलं आणि म्हणालो, आज मंडळात उभं राहून बोलतो.

ते बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "मला बनवलंस म्हणजे."

"हो."

"बरं, झालं ते झालं. देवाची माफी माग, तो मोठा आहे. चारचौघांत कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्याकडे बघून लोक चार घास कमी खातात, वाईट आहे का ते? उद्या म्हणतील, आप्पा फुशारकी मारत होते."

"ताई गोळ्या बंद करणार आहेत आप्पा."

"तिला सांग, बंद करू नको म्हणून. एवढं पुरे. बाकीचं कशाला?"

प्रार्थना झाली. शेवटी आप्पांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. माझ्याकडे बघत नव्हते. मी बसून राहिलो. उठताना ताईंना म्हणालो, "गोळ्या बंद करू नका." त्या म्हणाल्या, "तुम्ही माझी परीक्षा बघताय ना?"

२९ मार्च

दिवसभर घरात. आप्पांवर राग काढत होतो मनातल्या मनात. पण मूठ माझी आहे. त्यांनी फक्त झाकायला मदत केली.

हिला विचारलं, "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील काही तरी. आठवडाभर."

३० मार्च

सांगितलं. मंडळात नाही — कारखान्यात, शिवणताईंच्या मशीनपाशी, शर्ट वर करून. पोटावरचे व्रण दाखवले, आता घेतो त्या गोळीचं पाकीट दाखवलं, काळं झालेलं सांगितलं. उपास केलाच नव्हता म्हणालो. भूकच कापून टाकली होती. मशीन थांबलं. मग हातोड्या थांबल्या.

ताई व्रणांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "दोन महिने मी देवापुढे रडतेय दादा, की यांचं ऐकलंस आणि माझं का नाही ऐकत."

मी शर्ट खाली केला.

त्यांनी दोरा दाताने तोडला. मालकांना म्हणाल्या, "मी डॉक्टरकडे जाऊन येते." माझ्या बाजूने गेल्या, माझ्याकडे न बघता.