भिंत काँक्रीटची, दार बाहेर उघडणारे

२ फेब्रुवारी, नांदेड

इंजिनिअरसाहेबांचा पुन्हा फोन. भिंती विटांच्या की काँक्रीटच्या, हे कळल्याशिवाय पायाचा नकाशा पुढे सरकणार नाही, असे त्यांचे म्हणणे. रास्त आहे. थोडी मुदत मागून घेतली.

प्रश्न वरवर साधा. कॉलम-बीम उभे करून मध्ये वीट रचायची, जशी कॉलनीत सर्वांनी रचली; किंवा साचे लावून, आत लोखंडाची जाळी घालून, संपूर्ण भिंतच ओतायची. चि. ओंकार पुण्याहून फोनवर: "बाबा, इकडच्या टॉवरमध्ये वीट आता दिसतच नाही." बांधकामाचे गुत्तेदार सलीमभाई यांचे मत नेमके उलट: "सर, घर बांधायलात का धरण? खिळा बी जानार न्हाई आत."

काँक्रीटच्या विरुद्ध: उन्हात तापते. आवाज घुमतो. एकदा ओतली की दार-खिडकी हलवता येत नाही. बाजूने: एकच मुद्दा. तो इंजिनिअरसाहेबांना सांगितला नाही. मंगललाही नाही.

५ फेब्रुवारी

तो मुद्दा निदान येथे लिहून ठेवतो.

मंगलचे माहेर औसा तालुक्यातले. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे दगडमातीच्या भिंतीखाली ती दबली, निघाली. धाकटी बहीण सुमन गेली. आमचे लग्न त्यानंतरचे. लग्नापासून आजवर हा विषय आमच्या घरात निघालेला नाही. तिने काढला नाही, मी विचारला नाही. मात्र ती दारालगतच झोपते, आणि झोपायच्या खोलीला आतून कडी असू देत नाही. भाड्याची घरे बदलली. प्रत्येक घरात सामान लागण्याआधी तिने ती कडी काढून माळ्यावर टाकली. पेचकस तिच्या शिवणाच्या डब्यात, कात्रीशेजारी असतो.

स्वतःच्या घरात तिने दार लावून निवांत झोपावे. भिंत अशी असावी की तिला शंकाच येऊ नये. बाकी उन्हाळ्याचे काय, पंखा आहे, कूलर आहे.

हे वाचताना हिशेब सोपा वाटतो. मग झोप का नाही?

९ फेब्रुवारी, लातूर

ओळखीच्या एका बियाणे व्यापाऱ्यांनी अशा भिंतींचे घर बांधले आहे. ते पाहण्यासाठी सकाळच्या बसने गेलो. मालकांनी भिंतीवर मूठ आपटून दाखवली. मीही आपटली. दगडासारखी. माझाच खोकला मला शेजारच्या खोलीतून ऐकू आला.

कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेले. वहिनी म्हणाल्या, "गणपतीचा फोटो टेबलावरच बसलाय भाऊजी. भिंतीवर जायला तयारच न्हाई." मालक हसले नाहीत. ड्रिलवाल्याला दोनदा बोलावल्याचे नंतर कळले.

दुपारी भिंतीला तळहात लावून पाहिला. कोमट. फेब्रुवारीत कोमट.

तरीही मन काँक्रीटकडेच. परतीच्या बसमध्ये निर्णय पक्का केला. लोहा गावाच्या पुढे आल्यावर पुन्हा डळमळला.

१० फेब्रुवारी, नांदेड

मंगलला सांगितले. ती मेथी निवडत होती. मजबुती, देखभाल, तापमान, एकदा ओतली की दार हलत नाही, असे क्रमाने मांडले. खरे कारण तेवढे वगळले.

तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "दारं आत उघडणार का बाहेर?"

"आत. घरात सगळीकडे आतच उघडतात."

"बरं."

एवढेच. ते 'बरं' दिवसभर कॉलेजच्या कार्यालयात माझ्यासोबत बसून होते. परीक्षेच्या पर्यवेक्षकांच्या तक्त्यात एकाच प्राध्यापकांना दोन खोल्यांवर नेमले. प्राचार्य म्हणाले, "अहो, तुमच्याकडून?"

१६ फेब्रुवारी, मंगलचे माहेर

तिचे थोरले बंधू दिगंबरराव यांच्या नातवाचे जावळ. मंगल दोन दिवस आधीच आली होती.

हे नवे गाव, भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेले. दिगंबररावांचे घर त्या वेळचेच, भूकंपातही टिकेल अशा बांधणीचे. कोपऱ्याकोपऱ्यांत लोखंड, वर सलग पट्टा. मी इतक्यांदा आलो, जेवलो, निघालो. आज प्रथमच त्या भिंतींकडे नीट पाहिले. तडा नाही. आत गेलो तर चालायला वाट नाही. सोयाबीनची पोती, हरभऱ्याची पोती, पेरणीयंत्राचे सुटे भाग. माणसे पुढच्या पत्र्याच्या छपरात. खाटा तेथे, टीव्ही तेथे, सुनेचे कपाटही तेथेच.

"दिगंबरराव, घर तर चांगले पक्के आहे."

"पक्कं हाय म्हनून तर माल आत ठेवलाय दाजी."

"आणि तुम्ही?"

"पत्रा पडला तर टेंगूळ येतंय. तेवढं सोसतो आमी."

सगळे हसले. शेजारच्या घरापुढेही छप्पर. त्यापुढच्याही. पावसाळ्यात पत्रा गळतो तेव्हा पोत्यांवर प्लास्टिक अंथरून मुले आत निजतात, म्हातारी माणसे नाहीत, असे सूनबाई म्हणाल्या.

जेवणानंतर मंगल छपरातल्या खाटेवर आडवी झाली आणि लगेच झोपली. भर गलक्यात. उताणी. तिला अशी झोपलेली मी पाहिलेली नाही.

तिसऱ्या प्रहरी चहा घेताना ती आपणहून म्हणाली, "मला ठावं हाय तुम्ही ती भिंत कशापायी करायलात." माहेरी आली की तिची भाषा माहेरची होते.

मी म्हणालो, "ती पडणार नाही, मंगल."

"नसंल पडत. तुम्ही इचारून, बघूनच सांगत असाल. पर दादानं मला हातानं काढलं हो. एकेक दगुड. आवाज देत होता, मी ओ देत होते. सुमनपर्यंत हात पोचायला दुपार झाली." दिगंबरराव बशीकडे पाहत होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन नखे वाकडी आहेत. कापणीच्या वेळी झाली असावीत, असे मी आजवर धरून चाललो होतो. "पडलीच तुमची भिंत, तर तुम्ही मला हातानं काढताल का?"

सूनबाईंनी कपबशा उचलल्या.

१७ फेब्रुवारी, नांदेड

इंजिनिअरसाहेबांना हाच प्रश्न, थोड्या वेगळ्या शब्दांत विचारला. "साहेब, ती पडतच नाही, तर काढण्याचा प्रश्न येतो कुठे?" उत्तर तांत्रिकदृष्ट्या बिनचूक. त्यांच्या जागी मीही हेच दिले असते. कालपर्यंत दिलेच होते.

हलक्या विटांचे विचारले. पूर्ण पत्र्याच्या घराचेही विचारून बसलो. त्यांनी विचारले, "घरी सगळे ठीक आहे ना?"

मंगल आज तिकडून परतली. आल्या आल्या पिशवी रिकामी केली, हरभऱ्याची डाळ डब्यात भरली. भिंतीबद्दल शब्द नाही. मीच म्हणालो, "तू सांग. तू म्हणशील तसे." ती म्हणाली, "जागा दाखवा मला."

प्लॉट घेतला तेव्हा सहीसाठी आली होती, त्यानंतर मी तिला तेथे नेलेलेच नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आले.

२३ फेब्रुवारी

प्लॉटवर आम्ही दोघे व सलीमभाई. चुन्याच्या फक्कीने आखणी करून ठेवलेली. मी प्रत्येक खोली दाखवली. मंगल रेषा न ओलांडता, जेथे दार येणार तेथूनच आत शिरत होती. सलीमभाईंनी ते पाहिले व स्वतःही दारातून जाऊ लागले.

झोपायच्या खोलीत ती थांबली. पलंग कोठे, विचारले. मी दाखवले. तेथे उभी राहून ती चालू लागली: पलंगापासून दार, दारापासून बोळ, बोळातून हॉल, हॉलमधून बाहेर. परत आली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा मात्र पलंगापासून सरळ पूर्वेची रेषा ओलांडून अंगणात जाऊन उभी राहिली. चपलेने फक्की पुसली गेली.

"इथं दार."

"वहिनी, झोपायच्या खोलीला अंगणाकडं दार? चोराची सोय व्हती मग," सलीमभाई.

"चोराला येऊ द्या. मला जाऊ द्या. आन बाहेर उघडणारं."

"बाहेर तर दुकानाचं उघडतंय."

"मग दुकान समजा."

मी विचारले, "आणि भिंत?"

"तुम्ही म्हणालात ना, एकदा ओतली की दार हलवता येत नाही? मग ओता. उद्या तुम्हीच म्हणताल, चोर येतो, बुजवा. विटा असल्या तर बुजवताल."

सलीमभाई हसता हसता खाली बसले. मी हसलो नाही, कारण तसे मी नक्कीच म्हणालो असतो.

संध्याकाळी इंजिनिअरसाहेबांना कळवले: भिंती काँक्रीटच्या. पूर्वेस एक दार, बाहेर उघडणारे. त्यांनी दोनदा खात्री करून घेतली.

११ मे

झोपायच्या खोलीचे साचे निघाले. भिंत राखाडी, गुळगुळीत, कडक. सकाळ-संध्याकाळ पाणी मारणे चालू आहे; तरी दुपारी हात ठेववत नाही.

आत एकटाच होतो. आतल्या दाराच्या जागी प्लायवूडचा तुकडा लावला, पूर्वेकडच्या दाराला दुसरा; खिडकीवर फळी होतीच. अंधार. बाहेर मिक्सर चालू होता, तो ऐकू येईना. मला कधी काही झालेले नाही. त्या पहाटे नांदेडला नुसती भांडी वाजली होती. तरी पूर्वेकडचा तुकडा लगेच काढला. हात घाईत खरचटला.

मंगलने विचारले, कशाने. म्हणालो, साचा लागला.

२२ जून

दारे बसली. पूर्वेचे दार जड, सागवानी. मंगलने ते कितीतरी वेळा ढकलून पाहिले: हाताने, खांद्याने, एकदा डोळे मिटून. दोनदा सुताराला बिजागऱ्या सैल करायला लावल्या. अंगणात त्या दारासमोर कुंडी ठेवायची नाही, असे मला बजावले.

खोली तापलेली होती. पलंगाची जागा तिने आज बदलली नाही. मी आखली होती तेथेच, भिंतीलगत, दारापासून चार पावले. टेप लावून पाहण्याचा मोह टाळला.

सुतार कडी घेऊन आला. "साहेब, आतून लावू का?"

मी मंगलकडे पाहिले. ती भिंतीवर तळहात ठेवून उभी होती. मी लातूरला ठेवला होता तसा.

"भोकं पाडून ठेवा," ती म्हणाली. "कडी माझ्याजवळ द्या."

सुताराने भोके पाडली. कडी तिने पदराच्या टोकात बांधून घरी आणली. आत्ता पाहिले, शिवणाच्या डब्यात आहे, पेचकसाशेजारी. स्क्रूही आहेत. चारही.