उजवीकडचा खालचा कोपरा

३ नोव्हेंबर

ती. मामास सा. न. वि. वि.

पत्रास कारण की माझं तुझ्याकडे काम आहे. कामाशिवाय हिला आठवण येत नाही, असा टोमणा मामी मारेलच. तो मला पोचला असं तिला सांग.

शाळेतली चित्रकलेची नोकरी बरी चालली आहे. मुलांना घर काढायला सांगितलं की आधी दाराचं कुलूप काढतात, मग जागा उरली तर घर. माझी खोली मात्र एवढीशी आहे की एक मोठा कॅनव्हास आत आला तर मला बाहेर उभं राहावं लागतं. म्हणून तर माझी चारही चित्रं तुझ्या दवाखान्यात टांगून आले.

आता काम. इथल्या कलादालनात नव्या चित्रकारांचं प्रदर्शन भरतंय. निवड समितीला वीस तारखेच्या आत चित्रांचे फोटो हवे आहेत. पेशंटच्या दातांचे फोटो काढायचा तुझा तो चांगला कॅमेरा आहे, त्याने काढून परस्पर समितीच्या पत्त्यावर पाठवशील का? पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

मामा, हे नेहमीसारखं नाही. आजवर या लोकांनी मला दर वर्षी नकार दिलाय. सुट्टीत आईशी वाजलं. ती म्हणाली, कशाचंच चित्र नसलेल्या चित्रांपायी तू तहानभूक विसरतेस आणि हाती काय येतं, तर एक छापील नकार. मीही तावातावाने बोलून गेले की या वेळी नकार आला तर रंगांची पेटी मीच माळ्यावर टाकीन. ती म्हणाली, ठीक आहे. आता दोघीही मागे हटणार नाही. तू आम्हां दोघींना ओळखतोसच.

मामीला नमस्कार. माझ्यावरचा जीव आहे तेवढा राहू दे, फोटोपुरता थोडा वाढव.

तुझी,
खडू


१५ नोव्हेंबर

चि. खडूस अनेक आशीर्वाद.

फोटो काढले, रोल धुऊन आणला, पाकीट रवाना केलं. आता निश्चिंत राहा.

आधी तुझ्या चित्रांची खुशाली. बाहेरच्या खोलीत ती चांगली रुळली आहेत. पांढऱ्या-करड्या मोठ्या चित्राखाली बसायला लोक पसंती देतात. एका बाईंनी मला घाबरत विचारलं की हा हिरड्यांचा कोणता आजार. एक बँकेतले साहेब म्हणाले, हे तर ढग आहेत. त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ढग कसले, ही आपली न्हाणीघराची भिंत. दोघांचं एवढं जुंपलं की त्यांचा नंबर निघून गेला, तरी त्यांना कळलं नाही. मला अमूर्त कलेतलं काही कळत नाही हे मी कबूल करतो. पण दाढ ठणकत असलेला माणूस तुझ्या चित्रासमोर बसला की थोड्या वेळाने गालावरचा हात खाली घेतो, हे मी स्वतः पाहिलंय. माझी गोळी एवढी लवकर लागू पडत नाही.

फोटोंचं सांगतो. पहिल्यांदा लांब जाऊन उभा राहिलो. चित्र सगळं आलं, पण त्यात बघण्यासारखं काही दिसेना. मग डोक्यात प्रकाश पडला. अगं, एवढ्या मोठ्या तोंडाचा एकदम फोटो कोण काढतं? पेशंटने आ केला की आपण एक दाढ गाठायची, दिवा नीट धरायचा आणि तिच्या जवळ जायचं. सगळं तोंड त्या एका दाढेत कळतं. तेच केलं. जवळचं भिंग लावलं आणि प्रत्येक चित्रात जिथे काही चाललंय असं वाटलं, तिथे भिडलो.

पांढऱ्या चित्राच्या उजवीकडे खाली, तळहातावर मावेल एवढी एक जागा आहे. तिथे वरचा पांढरा झिजून खालचा पिवळा वर आलाय आणि मधून एक बारीक तडा गेलाय. माझ्या धंद्यात ही फार वाईट बातमी असते. तिथे मात्र मी गुडघ्यावर बसलो तो उठलोच नाही. मामीने येऊन विचारलं, काही पडलं का. मी म्हटलं, सापडलं.

तुझ्या आईची काळजी करू नकोस. लहानपणी माझा दुधाचा दात तिने दोरा बांधून ओढला होता. ती कडक आहे, पण हात हलका आहे.

आशीर्वाद आहेतच, दोन्ही वेळा दात घासत जा.

मामा


२ डिसेंबर

ती. मामास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. समितीला संपूर्ण चित्राचा फोटो लागतो रे! तळहाताएवढ्या तुकड्यांवरून कोण निवड करणार? पुन्हा फोटो मागवावेत, तर मुदत संपत आलेली. तुला एक जळजळीत पत्र लिहिलं. नंतर तुझं ‘सापडलं’ पुन्हा वाचलं आणि ते फाडून टाकलं.

काल समितीचं पत्र आलं. निवड झाली! तुझा तो तड्याचा फोटो त्यांनी निवडलाय आणि चित्राचा आकार कळवा म्हणून विचारलंय. काय कळवू? तसं चित्रच नाही. त्यांनी निवडलाय तो माझ्या चित्राचा एक कोपरा.

खरं सांगू का? त्या चित्राचं बाकी सगळं मला झटपट जमलं होतं. तो एकच कोपरा जमत नव्हता. रंग लावायचा, सुरीने खरवडायचा, पुन्हा लावायचा, असं कितीतरी दिवस चाललं होतं. शेवटी कंटाळून सोडला. मी ज्याला हार समजत होते, तिथे तू गुडघ्यावर बसलास.

शेजारच्या खोलीतली संगीत शिक्षिका म्हणते, गप्प बस, तेवढाच कोपरा मोठा करून नव्याने रंगव, कोणाला कळतंय? रात्रभर तोही विचार केला. पण जे निवडलंय ते मी अजून केलेलंच नाही, आणि जे केलंय ते त्यांनी पाहिलेलं नाही. सकाळी समितीला सगळं खरं लिहून टाकलं. नकार आला तर आला. आईला दिलेला शब्द मग पाळावा लागेल. पोस्टाच्या पेटीत पाकीट टाकलं तेव्हा बोटं सुटता सुटत नव्हती.

रागावले नाहीये. तूही स्वतःवर रागावू नकोस.

खडू


१२ डिसेंबर

चि. खडूस अनेक आशीर्वाद.

मी आजवर चुकीचा दात कधी काढला नाही. इथे मात्र एक दात दाखवून तोंडाचा निकाल लावायला निघालो. मामी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये, आणि बोलते तेव्हा फक्त ‘सापडलं का?’ एवढंच विचारते.

मीही समितीला पत्र लिहिलंय. चूक चित्रकर्तीची नसून छायाचित्रकाराची आहे आणि तो पेशाने दंतवैद्य आहे, तरी क्षमा व्हावी, असं कळवलं. उलट टपाली त्यांनी चित्र समक्ष पाहायला मागवलंय. पाहून ठरवू म्हणतात. ओळखीच्या टेम्पोवाल्याकडे आज दिलं. दवाखान्याचे पडदे काढून त्यात गुंडाळलंय, त्यामुळे तूर्त माझे पेशंट रस्त्यावरून जाणाऱ्यांना आ करून दाखवतात.

भिंतीवर चित्राच्या जागी एक फिकट चौकोन उरलाय. काल एक आजोबा त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, आधीचं जास्त चांगलं होतं. बघ, आमच्या बाहेरच्या खोलीत आता जाणकार तयार होऊ लागले आहेत.

खरं लिहिलंस, ते फार चांगलं केलंस. निकाल काहीही लागो, माझ्या भिंती तुझ्याच आहेत.

मामा


२० डिसेंबर

ती. मामास सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. चित्र लागलं!

समितीत एक वयस्क शिल्पकार बाई आहेत. त्यांनी मलाही बोलावलं होतं, चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्या तुझा फोटो हातात घेऊन कोपऱ्यापाशी उकिडव्या बसल्या. मग उठून एकेक पाऊल मागे जात पार समोरच्या भिंतीला टेकल्या. तिथून म्हणाल्या, वरची डावी बाजू तुम्ही उरकली आहे, तुम्हालाही माहीत आहे. मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, पण हा कोपरा या चित्रातच शोभतो, कापून काढला तर पोरका होईल. चित्र सगळंच लावू, आणि शेजारी हा फोटोही. खाली तुझं नाव आहे, पुढे लिहिलंय, ‘दंतवैद्य’.

आईला कळवलंय. उत्तर नाही.

तुझी,
खडू


१० जानेवारी

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रदर्शनाला पोरीला न सांगता गेले होते. तुमच्या चित्रासमोर गर्दी होती. लोक आधी फोटो बघतात, मग वाकून तो कोपरा शोधतात, सापडला की शेजारच्याला दाखवतात. मीही शोधला. गुडघे दुखतात, तरी वाकले.

हा कोपरा ती आमच्याच मागच्या खोलीत करत होती. रोज जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. दारातून मला तिची पाठच दिसायची. ती काय करते आहे ते तिच्या आडच राहिलं. मला वाटायचं, पोरगी नुसती भिंत खरवडत बसली आहे. तू दूर राहून ते पाहिलंस, आणि मी दारात उभी राहून पाहिलं नाही. असो. चित्र कशाचं आहे ते मला अजून कळलेलं नाही, पण निघताना मी पुन्हा एकदा मागे वळून पाहिलं.

माझीही उजवीकडची खालची दाढ ठणकते आहे. पुढच्या आठवड्यात येईन. फोटो काढलास तर अख्ख्या चेहऱ्याचा काढ, केस विंचरून येते.

आणि पोरीला कळव, मला सरळ लिहायला जमत नाही. माळ्यावर तिच्या पेटीसाठी जागा करून ठेवली होती. काल तिथे जुन्या सुटकेसी रचून टाकल्या. आता तिथे काहीही मावणार नाही.

तुम्हां दोघांना माझे आशीर्वाद, दाढेला मात्र हलक्या हाताने हात लाव.

तुझी,
ताई