चौथं माणूस

८ फेब्रुवारी
सोमवारी बाबांना वृद्धाश्रमात सोडायचं. खोली ठरली, कपड्यांवर नावाच्या पट्ट्याही शिवून झाल्या. त्याआधी शनिवारी मों-सँ-मिशेलचा मठ एकदा दाखवून आणायचा, हा हट्ट माझा. थिबो फोनवर म्हणाला, "ओदील, त्यांना स्वतःचं घर ओळखू येईना, मठ काय कपाळ ओळखणार!" भाऊ आहे, बोलणारच. पण चाळीस वर्षं ओहोटीच्या वाळूतून लोकांना त्या बेटावर चालत नेलंय त्यांनी! मनाशी ठरवलंय — तिथे एकदा जरी माझं नाव घेतलं, तर सोमवार रद्द. घरीच ठेवेन, काय व्हायचं ते होवो.

९ फेब्रुवारी
आज मला 'मॅडम' म्हणाले.

१० फेब्रुवारी
धुकं, बोचरा वारा. बेटावर चिटपाखरू नाही, अर्धी दुकानं बंद. थिबो आणि मारीझवहिनी कुरकुरत पायऱ्या चढले. बाबा मात्र सरसर!

वरच्या गच्चीवरून वाळू दिसली आणि ते एकदम ताठ उभे राहिले. वळून आम्हाला मोजायला लागले — बोटाने, पूर्वी पलीकडे पोचल्यावर मोजायचे तसं. "एक, दोन, तीन." पुन्हा तेच. "चौथं कुठंय? चार निघाले होते!" मी म्हटलं, "बाबा, आई गेली. सहा वर्षं झाली." माझ्याकडे पाहिलं — अगदी परक्यासारखं. "तुम्ही व्हा पुढे, मॅडम. माझं माणूस वाळूत राहिलंय." जागचे हलेचनात. शेवटी थिबोने दंडाला धरून खाली आणलं. "झालं तुझं समाधान?" म्हणाला.

खाली गरम धिरडी मागवली. बाबांनी ताटलीला हात लावला नाही.

११ फेब्रुवारी
बॅग भरली. नाव नाहीच.

१२ फेब्रुवारी
सोडलं. दारात त्यांनी माझे आभार मानले! "फार त्रास घेतलात, मॅडम." गाडीत बसून रडले, मग घरी आले.

१५ फेब्रुवारी
तिथल्या नर्सचा फोन. बाबा जेवायला बसत नाहीत. खिडकीशी उभे राहून सगळ्यांना मोजतात, एक माणूस कमी आहे म्हणतात. मी म्हटलं, ती आमची आई. "नाही हो," ती म्हणाली, "मी विचारलं ना, कोण ते. म्हणाले, माझी ओदील. लहान आहे, वाळूत मागे राहिलीय."

गच्चीवर मी विचारलंच नव्हतं.