बोंडावरची चिमणी

बाबा, परवा नागपूरहून एक मुलगी आली होती. विदर्भातल्या जुन्या छापखान्यांच्या खुणांवर ती प्रबंध लिहिते आहे. आंजी गावातल्या कुणाच्या तरी पेटीत तिला तुम्ही छापलेली लग्नपत्रिका सापडली. खाली कोपऱ्यात नखाएवढी तुमची खूण, कपाशीच्या बोंडावर बसलेली चिमणी. तेवढ्यावरून माग काढत ती वर्ध्याला माझ्या दारात. तुमचं नाव काढत कुणी घरी आलं, याला किती वर्षं झाली! मी दोनदा चहा केला.

तुमचंच सगळं तिला ऐकवलं. पूर्वीच्या युरोपातल्या छापणाऱ्यांपैकी कुणी खूण म्हणून जहाजाचा नांगर घेतला, कुणी झाड, कुणी सिंह. वाचता न येणाऱ्यालाही माल कुणाचा ते कळावं म्हणून. आणि चोरून छापणारे असे बिलंदर, की पुस्तकासोबत खूणही उचलत. सांगता सांगता तुम्हीच दिसायला लागलात. प्रूफसाठी थांबलेल्या आष्टीच्या माणसाला तुम्ही हे रंगवून सांगता आहात, त्या बिचाऱ्याची एसटी सुटते आहे, आणि मी अक्षरांचे खिळे वेचत हसू दाबते आहे.

मग तिने विचारलं, "काकू, पण चिमणीच काऊन? याच्यामागं काई तं असन ना?"

जगाच्या खुणा पाठ आणि घरची एक चिमणी ठाऊक नाही. दहावीच्या सुट्टीत एकदाच विचारलं होतं. "चित्र काय पाहून राह्यली? खिळे जुळव आधी, गिऱ्हाईक उभं हाय!" तुम्ही चारचौघांत खेकसलात आणि मी राग धरला. राग केव्हाच गेला हो, विचारायचं तेवढं राहिलं. आता आई नाही, तुम्ही नाही, मशीनही भंगारात गेलं. दिवस दिवस या घरात कुणी बोलत नाही, बाबा. फार एकटं वाटतं.

ती पेन उघडून बसली होती. मी सांगून टाकलं, की माझ्या जन्माच्या दिवशी तुम्ही तो ठसा स्वतः कोरलात, कारण मला तुम्ही लाडाने चिमणी म्हणायचात. तिने ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं, खाली माझी सही घेतली. आता ते तिच्या प्रबंधात छापून येईल.

तुम्ही मला चिमणी कधीच म्हणाला नाहीत. तिचा नंबर आहे माझ्याकडे, खरं सांगायला एक फोन पुरे. तो मी करणार नाही.