करिष्माच्या फॉर्मात मी हात घालत नाही

४ डिसेंबर, पौर्णिमा
वंदना झाली. आज उपोसथ, पौर्णिमेचा उपास. हिशोबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी जातात, म्हणून आजपासून त्यावर रोजनिशी. कागद वाया जायले नको.
करिष्मा बीएस्सी झाली. आता बेंगलोरच्या मोठ्या संस्थेत शिकायचं म्हणते. एमएस्सी आणि पीएचडी, दोन्ही एकाच फॉर्मात. मले हे फार पसंत पडलं. आमच्या खानदानात एवढं कोणी शिकलं नाही. मी मॅट्रिक. हे आयटीआय, भिलाईच्या स्टील प्लांटात कोक ओव्हनले.
संकल्प: फॉर्म पोरीचा आहे. मी हात घालणार नाही. फक्त लक्ष ठेवणार.

५ डिसेंबर
लक्ष ठेवलं. करिष्मा म्हणाली, मम्मी, पीछे खडी होके साँस मत ले ना, माझं टायपिंग चुकते. मी साँस हळू घेतली.
हा विषय कावून शिकायचा, ते फॉर्मात दोन पानं भरून लिहायचं आहे. बिचारी लिहून-खोडून राहिली. मी म्हटलं, त्यात काय, लिही, आईची इच्छा. एका ओळीत काम होते. ती डोकं धरून हसली. पोरीचं टेन्शन कमी केल्याचं समाधान.

८ डिसेंबर
फॉर्म अडला. तीन जणांची शिफारस लागते. कॉलेजच्या दोन सरांनी दिली. तिसऱ्या मॅडम त्यांच्या पोरीच्या लग्नासाठी राजनांदगावले गेल्या, फोन उचलत नाहीत. शुक्रवार शेवटची तारीख. करिष्मा जेवली नाही.
मले आतून हसू येऊन राहिलं. शिफारस! कोणाले विचारून राहिली ही? भिलाईत जन्म काढला आम्ही. आमच्या क्वार्टरचा अर्ज किती वर्षं पडून होता. प्लांटच्या युनियनचे सरचिटणीस गुलाबराव, त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि चाबी हातात. मॅडमचं असं काय वजन?
पण मी बोलली नाही. संकल्प आहे.

९ डिसेंबर
वैशाली नगरले गेली, पायीच. आटोचे पैसेही वाचले आणि पुण्यही लागलं. गुलाबराव आता रिटायर, बुद्धविहार समितीचे अध्यक्ष. मुरमुऱ्याचे लाडू नेले.
म्हणाले, वहिनी, पोरगी कोणाची? आपली! असं लिहितो का तिथला डायरेक्टर उभा राहून वाचन. काय काय लिहू, सांगा. मी सांगितलं, सकाळी लवकर उठते, उलटून बोलत नाही, भाकर गोल करते. ते म्हणाले, भाकर राहू द्या, बाकी टाकतो. ईमेलचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. ईमेलले तिकीट लागत नाही म्हणे. देवमाणूस.
हे हात घालणं नाही. ही ओळख आहे.

१० डिसेंबर, सकाळी ९
करिष्मा आंघोळीले. लॅपटॉप उघडा. तिसऱ्या शिफारशीचा रकाना रिकामा, पाहवत नव्हता.
एका बोटानं भरला. नाव गुलाबराव, ईमेल चिठ्ठीवरून. पद, माजी सरचिटणीस. उमेदवाराशी नातं काय, यावर पाच-सहा पर्याय होते. सुपरवायझर निवडला. विहारात सगळ्यावर तेच नजर ठेवतात.
खाली एक निळं बटण. दाबलं तर त्यानं विचारलं, तुमची खात्री आहे ना? लग्नाले इतकी वर्षं झाली, मले कोणी असं विचारलं नव्हतं. हो म्हटलं.
फॉर्म गेला! अभिनंदन आलं! पुन्हा वंदना घेतली.

तोच दिवस, संध्याकाळी
पाचही शील तपासले. चोरी नाही, खोटं बोलली नाही, नशा नाही. बटण दाबणं कोणत्याच शीलात बसत नाही.
करिष्माले मात्र राग आला. मम्मी, तूने क्या कर दिया, एकदा गेला का बदलता येत नाही, युनियन लीडर माझा सुपरवायझर, मजाक बन जाएगा मेरा. मग खोलीचं दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज. आनंदानंही माणूस रडते.
हे ड्यूटीवरून आले. सगळं ऐकून म्हणाले, रुक्मा, कोक ओव्हनमधी असं बटण दाबलं असतं, तर अर्धा प्लांट बसला असता. यांना प्लांटापलीकडचं समजत नाही.

११ डिसेंबर
करिष्मा पहाटेच बसनं कुठंतरी गेली. सांगितलं नाही. मैत्रिणीकडे असन. मन हलकं करायले पाहिजे माणसानं.
शेजारच्या बेबीताईले सहज सांगितलं की फॉर्म मीच भरला. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांची समृद्धी पुढच्या साली बीएस्सी होते.

१९ जानेवारी
इंटरव्ह्यूचा बुलावा आला!! गुलाबरावांचं पत्र लागलं. करिष्मा आता माझ्याशी नीट बोलते. कालपासून चहाही मागून राहिली. पोरं समजतात, वेळ लागते.

२७ जानेवारी
इंटरव्ह्यू लॅपटॉपवरच झाला. गल्लीत कुकर लावायचा नाही, हे घरोघरी सांगून आली. नाईट ड्यूटीवरून आलेल्या यांना घोरतात म्हणून बेबीताईकडे झोपवलं. स्वतः दाराबाहेर बसली, मनात त्रिशरण.
आत करिष्मा इंग्लिश बोलून राहिली. एक शब्द समजला नाही, पण आवाज कापत नव्हता. मधेच साहेब लोक खूप हसले. हसले म्हणजे ठरलं.

१६ फेब्रुवारी, दुपारी
झाली! पोरगी पास झाली! सीट मिळाली, वर स्कॉलरशिप! यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, कोळशाची धूळ गेली. प्लांट इथून किती दूर! मी पाव किलोऐवजी अर्धा किलो पेढे आणले, देशी तुपाचे. पहिला मान गुलाबरावांचा. निघाली.

संध्याकाळी
गुलाबराव म्हणाले, कोणतं पत्र?
मग आठवलं त्यांना. हो हो, बेंगलोरहून एक लिंक आली होती, इथं दाबा म्हणे. वहिनी, असं दाबूनच लोकाईचे खाते साफ होते. म्या डिलीट मारली, अन् विहारात सगळ्याले सावधबी केलं. पेढा मस्त आहे.
घरी येऊन करिष्माले विचारलं. फॉर्म गेला त्याच रात्री तिनं बेंगलोरले लिहिलं, बटण आईच्या हातानं दाबल्या गेलं. त्यांनी सकाळी फॉर्म परत उघडून दिला, तोवर ही निघालेली. पहाटेच्या बसनं राजनांदगाव गाठलं. हळदीच्या मांडवातून मॅडमले बाजूले घेतलं, मोबाईलवर शिफारस भरून घेतली, तेव्हाच उठली.
म्हटलं, मग ते साहेब हसले कावून? म्हणे, फॉर्म दोनदा कसा आला विचारलं, तर मी सच बता दिया.

१७ फेब्रुवारी
सकाळीच बेबीताई आल्या, समृद्धीले घेऊन. करिष्माले तोंडावर विचारलं, खरं सांग बाई, तुझा फॉर्म कोणं भरला?
मी ओट्याकडे तोंड केलं.
करिष्मा म्हणाली, बटण मम्मीनंच दाबलं, काकू. तिच्या हाताशिवाय मी राजनांदगावले गेलीच नसती.
बेबीताईनं माझ्यापुढे लॅपटॉप ठेवला, म्हणाल्या आमचाही भरून द्या. मी म्हटलं, बाई, मले फक्त बटण येते. पहिले समृद्धीले विचारा, तिले काय शिकायचं आहे ते.