गोल जिन्याची पायरी

ता. ३, सोमवार

चि. धाकट्यास आशीर्वाद.

लेकीला लॅपटॉप घ्यायचा तर आधी तिला विचारायला तुझी जीभ झडली होती का? दुकानदार म्हणाला सगळं चालतं, आणि तू उचललास. चालतं रे, पण लंगडत चालतं! फोनवर तू नुसतं बरं बरं म्हणतोस नि विसरतोस, म्हणून इस्त्री बाजूला ठेवून हे लिहितेय.

तुझी लेक ज्या सॉफ्टवेअरवर जिने काढते, ते या लॅपटॉपसाठी बनलेलंच नाही म्हणे. मग तिने आत काहीतरी घातलंय, त्याने हा लॅपटॉप दुसऱ्याच कॉम्प्युटरचं सोंग घेतो आणि सॉफ्टवेअर फसतं. मी म्हटलं, अगं, ही तर लबाडी! ती पोट धरून हसली. सोंग घेताना तो असा तापतो की माझी इस्त्री बरी. एक रेघ उमटेपर्यंत माझी अख्खी चादर इस्त्री करून होते.

लाकडी जिन्यांच्या कारखान्यात ती शिकाऊ म्हणून लागली, तेव्हापासून माझ्याकडे राहते. आता मालकीणबाईंनी तिला गोल जिना काढायला दिलाय. पसंत पडला तर कायमची नोकरी. समोरून जिना झकास. फिरवला की मधली एक पायरी गायब! हे सोंग नक्की करतं काय, मला समजेल असं लिही.

माया आहेच, आज फक्त वरून राग आहे.

तुझी ताई

ता. ८, शनिवार

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हलका आणि पातळ दिसला म्हणून घेतला, कबूल.

तू सोंग म्हणतेस, मी दुभाष्या म्हणेन. सॉफ्टवेअर एक भाषा बोलतं, लॅपटॉपला दुसरीच कळते. मधला दुभाष्या एकेक हुकूम समजावून सांगतो. म्हणून उशीर, म्हणून ताप. एखादा हुकूम त्याला जमला नाही तर तो गाळतो. पायरी तिथे गेली असेल. नाहीतर पोरीनेच काढली नसेल.

माझ्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर टाकून पाहिलं, सरळ चालतं. फाईल मेलवर पाठवायला सांग. पण ताई, एवढी ओढाताण कशाला? येऊ दे तिला घरी. चष्म्याच्या दुकानात माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच आहे. घर खायला उठतं.

तुझा हात पाठीवर असू दे.

धाकटा

ता. १२, बुधवार

चि. धाकट्यास आशीर्वाद.

दुभाष्या पटला. मग त्याची परीक्षाच घेतली. पोरीला म्हटलं, जिना राहू दे, एक कप काढ. काढला, फिरवला, कान जागेवर. म्हटलं, आता कपांची गोल रांग वर चढव. चढवली, फिरवली, आणि एका कपाचा कान गेला! मी टाळ्याच वाजवल्या.

ती मात्र नखं खात बसली. म्हणाली, आत्या, कान यानेच गाळला असेल, पण पायरी माझ्याच हातून राहिली असली तर? सुतार तसाच जिना उभा करतील. आता तिचा स्वतःवरच भरवसा उरला नाही. मला जमत नाही असं मालकीणबाईंना सांगून टाकते आणि बाबांकडे जाते, असं घोकतेय.

फाईल पाठवली आहे. उघड, फिरव, वरून खालून बघ. पायरी आहे की नाही, एवढंच कळव.

आणि नीट ऐक. तू नाही म्हणालास तर ती तुझ्याकडे येईल, हे तुला कळतं आणि मलाही. नसेल तर नाही म्हण, मी स्वतः तिला जवळ घेऊन सांगेन. पण असेल तर आहे म्हण. तिच्यावाचून करमत नाही, ते वेगळ्या कागदावर लिही. त्यालाही उत्तर देईन.

तुझ्यावर जीव आहे म्हणूनच एवढं बोलले. पुढच्या बुधवारी मालकीणबाई जिना बघणार आहेत. मंगळवारपर्यंत खरं उत्तर पाहिजे.

तुझी ताई