काचेमागचे लाकडी ठोकळे

गुरुवार संध्याकाळ, कांदिवली

"आयांनो, तुमच्या मुलांची खेळणी कपाटात बंद आहेत!" आज अंगणवाडीत मी भाषणाची सुरुवात अशी केली. टाळ्या पडल्या. मोठ्या घरातलं मूल मनोरे रचतं, आपलं काचेतून बघतं, असंही बोलले. तेव्हा तीन वर्षांची सान्वी खरोखरच काचेला नाक लावून लाकडी ठोकळे बघत होती.

नंतर सेविकेला म्हटलं, "काढ ना गं ते."

"मोडले तर वरचे मलाच विचारणार. तुमचं काय ताई, झकास बोलून निघालात."

आयांकडे वळले, तर त्या चपला शोधत होत्या. "चल गं, पाणी येईल आता," म्हणत सान्वीच्या आईने तिला ओढत नेलं. काचेवर नाकाचा ठसा तेवढा राहिला.

घरी बोलायला कोणी नाही. माझ्या एवढ्या शब्दांनी एक कुलूप उघडू नये? सेविका एकटी घाबरते, मी एकटी ओरडते. आणि तो ठसा काही डोळ्यांपुढून जात नाही.

आयांनो, उद्या मी दारातच उभी असेन. मूल सोडून लगेच परतू नका. सेविकेला म्हणा, "मोडलं तर आम्ही सांगू वरच्यांना. तू कपाट उघड."